हॉलचे नव्वद हजार सोडू नकोस

विलेपार्ले (पूर्व)
रविवार, सकाळ

प्रिय बाळ्या,

काल फोनवर "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये" असं म्हणून तू विषयच बदललास. मला मात्र रात्री झोप लागली नाही. ताईच्या लेकीच्या लग्नाच्या हॉलसाठी भरलेले आणि लग्न पुढे ढकलल्यावर हॉलवाला परत द्यायला तयार नसलेले नव्वद हजार तू सोडून द्यायला निघालास, कारण वकिलाने पंचवीस हजार सांगितले आणि वर "दोन-तीन वर्षं धरून चला" म्हणाला. त्या वकिलाचं काही चुकलं नाही, त्याचा तो धंदा आहे. पण वकिलाशिवायही हे काम होतं आणि मी ते केलंय. तुला आमच्या किचन ट्रॉल्यांचं प्रकरण वरवर माहीत आहे. आज सगळं लिहितो, कारण फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस.

ट्रॉल्यांचे एक लाख दहा हजार आईने तिच्या एफडीतून दिले होते. पहिल्याच पावसाळ्यात सिंकखालच्या कपाटाचा तळ फुगला, कडा खारीसारख्या पापुद्र्यांनी सुटल्या. कोटेशनमध्ये मरीन प्लाय, म्हणजे पाण्यात टिकणारं प्लायवूड, लिहिलं होतं आणि आत निघालं एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुशाची दाबून केलेली फळी. तो माणूस आधी "उद्या येतो" म्हणायचा, नंतर फोन उचलेनासा झाला. आईने जुन्या साडीचा पडदा शिवला आणि त्या कपाटावर लावला. कोणी घरी आलं की ती पडद्यासमोर उभी राहायची. ते मला बघवेना, म्हणून मी उठलो.

पहिली फेरी फुकट गेली, ती तुझी जाऊ नये. छोट्या रकमेचा दावा म्हणजे लघुवाद न्यायालय, असं धरून मी धोबीतलावला गेलो. खिडकीवरच्या बाईंनी कागद बघून शांतपणे सांगितलं की, इथे पैशाचा दावा फक्त दहा हजारांपर्यंतचा चालतो. ते कोर्ट १८८२ च्या कायद्याखालचं आहे. आता तिथे मुख्यतः भाडेकरू-घरमालकांचे आणि लीव्ह-लायसन्सचे दावे चालतात. त्याच बाई म्हणाल्या, "तुम्ही पैसे देऊन काम करून घेतलंय ना? मग ग्राहक आयोगात जा." त्या एका वाक्याने माझं वर्ष वाचलं.

उपनगर जिल्ह्याचा ग्राहक आयोग वांद्रे पूर्वेला, चेतना कॉलेजजवळच्या प्रशासकीय इमारतीत आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो किंवा नोकरी करतो तिथे तक्रार करता येते, म्हणजे हॉल कुठेही असला तरी तुला अंधेरीहून वांद्र्यालाच जायचंय. मोबदला म्हणून दिलेली रक्कम पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि पाच लाखांपर्यंत फी शून्य. हो, शून्य. वकील लागत नाही, तक्रारदार स्वतः उभा राहू शकतो. मी तक्रार मराठीतच लिहिली, साडेतीन पानं. माझ्या वेळी ऑनलाइन भरायला ई-दाखिल होतं, १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती पोर्टल आलंय. सुरुवात कुठून करावी हेच सुचत नसेल तर १९१५ वर फोन कर, ती राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. इथे पार्ल्यात मुंबई ग्राहक पंचायतही आहे, १९७५ पासून.

मुदतीचं मात्र मनावर घे. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. हॉलवाल्याने गेल्या गणपतीनंतर तुला तोंडावर नकार दिला, तिथून मोज. विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण त्यावर विसंबू नकोस.

खरं काम कागदांचं आहे. मी एक दोनशे पानी वही घेतली आणि पहिल्या दिवसापासूनच्या तारखा डाव्या बाजूला लिहिल्या, उजवीकडे त्या तारखेचा पुरावा: कोटेशन, बँकेची नोंद, मेसेज, फोटो. जिथे उजवी बाजू कोरी राहिली ते वाक्य तक्रारीत जपून लिहिलं. फोटो काढताना फुगलेल्या फळीला मोजपट्टी लावली होती, अठराची फळी सव्वीस मिलिमीटर झालेली स्पष्ट दिसत होती. गल्लीतल्या सुतारकाकांनी एक तुकडा तोडून बघितला आणि हे एमडीएफ आहे असं शपथपत्र दिलं. त्यांनी माझ्याकडून चहाशिवाय काही घेतलं नाही. व्हॉट्सअॅपचे मेसेज नंबर आणि तारखेसकट छापले, सोबत ते माझ्याच फोनमधून काढल्याचं प्रमाणपत्र जोडलं.

तक्रारीच्या आधी नोटीस. तीही मीच लिहिली, एक पान: कधी किती दिले, काय ठरलं, काय झालं, पंधरा दिवसांत किती परत हवेत. स्पीड पोस्टाने पाठवली आणि पोच जपून ठेवली. त्यात एकही कडक शब्द घातला नाही. पुढे आयोगाने ती नोटीस वाचली तेव्हा मला बरं वाटलं की रागाच्या भरात लिहिलेलं त्यात काही नव्हतं.

तुझ्याकडे तर माझ्यापेक्षा भक्कम गोष्ट आहे. ताईचे सासरे गेल्यामुळे लग्न पुढे ढकललं आणि तुम्ही तीन महिने आधी लेखी कळवलंत. आणि त्याच तारखेला हॉलवाल्याने दुसऱ्याचं लग्न लावलं, हे तूच मला सांगितलंस. मग त्याचं नुकसान काय झालं? त्या लग्नाची पत्रिका मिळव, नाहीतर त्या दिवशीचा प्रवेशद्वारावरच्या बोर्डाचा फोटो कोणाकडे असेल तर शोध. पावतीवर बारीक अक्षरात "परतावा नाही" आहे, ते तो पुढे करणारच. ते लपवू नकोस, तुझ्याच तक्रारीत लिही आणि लगेच पुढच्या वाक्यात दुसऱ्या लग्नाची तारीख लिही.

पहिल्या तारखेला माझे हात थरथरत होते. पुकारा झाला, समोर ट्रॉलीवाल्याचे वकील वकालतनामा घेऊन आले आणि जबाबासाठी मुदत मागितली. आयोगाची नोटीस मिळाल्यापासून तीस दिवस आणि फार तर आणखी पंधरा, त्यापुढे मुदत देता येत नाही. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ते पक्कं केलंय. मी उभं राहून तेवढंच बोललो, आणि रोजनाम्यात, म्हणजे त्या दिवसाच्या कामकाजाच्या टिपणात, तशी नोंद झाली.

जबाबात त्याने लिहिलं की आम्हीच पाणी सांडलं. शेवटच्या सुनावणीला अध्यक्षांनी मला विचारलं, "कोटेशनमध्ये काय लिहिलंय ते वाचा." मी वाचलं, "मरीन प्लाय, अठरा मिलिमीटर." मग सुतारकाकांचं शपथपत्र मागितलं. त्याच्या वकिलांना त्या एका शब्दावर काही सांगता आलं नाही. आई मागच्या बाकावर बसली होती. इतके महिने जे घरात पडद्यामागे होतं ते तिने तिथे मोठ्याने वाचलेलं ऐकलं.

वेळ लागला, ते तुझ्यापासून लपवत नाही. कायद्यात तीन महिने लिहिलेत, मला एक वर्ष सात महिने लागले. कित्येक तारखा नुसत्या पुढे गेल्या, रजा टाकाव्या लागल्या. निकालात पूर्ण रक्कम नऊ टक्के व्याजाने, त्रासाबद्दल दहा हजार आणि खर्चाचे पाच हजार. त्याने पैसे दिले नाहीत. मग मी दरखास्त, म्हणजे आदेशाची अंमलबजावणी करून घेण्याचा अर्ज, केली. आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा पंचवीस हजार ते एक लाख दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. समन्स गेलं आणि दोन डीडींमध्ये सगळे पैसे आले. अपील करायचं तर पंचेचाळीस दिवसांत, निम्मी रक्कम भरून, हेही लक्षात असू दे. तिथपर्यंत जाणारे कमी.

आता तू ऑफिसातल्या मित्राला हातउसने दिलेल्या चाळीस हजारांचं. ते इथे बसत नाही, तू त्याचा ग्राहक नाहीस. रक्कम दहा हजारांच्या वर असल्यामुळे ते शहर दिवाणी न्यायालयाकडे जातं, आणि मुदत पैसे दिल्यापासून तीन वर्षं. ती संपायच्या आत त्याच्याकडून "इतके देणे आहे" असं सहीनिशी लिहून घे, मग तिथून नवी तीन वर्षं धरतात. तो चांगला माणूस आहे, लिहून देईल. दावा लावण्याआधी विधी सेवा प्राधिकरणाकडे, म्हणजे मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी संस्थेकडे, लोकअदालतीसाठी अर्ज कर. तिथे कोर्ट फी नाही, आणि तडजोड झाली तर तिच्यावर अपीलही नाही. तुमची मैत्री टिकावी असं मला मनापासून वाटतं, म्हणून हा रस्ता आधी.

आणि ताईला सांग, तिला कधी अशी वेळ आली तर उत्पन्न कितीही असलं तरी बाई म्हणून सरकारी मोफत वकील मिळतो. १९८७ च्या विधी सेवा कायद्यातच ते आहे. आपल्याकडच्या किती बायकांना हे कोणी सांगितलेलंच नसतं.

येत्या शनिवारी चारच्या सुमारास ये. मूळ पावती, रद्द केल्याचं पत्र, बँकेचं पासबुक आणि फोनचा चार्जर घेऊन ये, मेसेज काढायला वेळ लागतो. वही मी आणून ठेवली आहे, पहिल्या पानावर तुझं नाव घातलंय. आईने तुला थालीपीठ करणार म्हणून सांगायला सांगितलंय. नव्या ट्रॉल्याही बघशील, साडीचा पडदा काढलाय.

तुझा,
दिन्या