आठवड्याच्या गोळीला रोजचं रिमाइंडर आणि २.५ च्या जागी १० : तुमच्या ॲपबद्दल तक्रार

प्रति,
ग्रीव्हन्स ऑफिसर,
ऑनलाईन औषध विभाग

विषय : लहान मुलीच्या केमोच्या गोळ्या न विचारता बदलून पाठवल्याबद्दल

नमस्कार,

बिल, स्ट्रिपचे फोटो, प्रिस्क्रिप्शन आणि तुमच्या चॅटचे स्क्रीनशॉट सगळं सोबत जोडलंय. आधीच एक विनंती, "आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत" हे वाक्य परत पाठवू नका, ते माझ्याकडे भरपूर साठलंय. गैरसोय म्हणजे शाम्पूच्या जागी कंडिशनर आला तर. इथं काय आलंय ते नीट वाचा, आणि जमलं तर कोणीतरी फार्मसी शिकलेल्या माणसानं वाचा.

माझी मुलगी सहा वर्षांची आहे, तिला ए.एल.एल. आहे, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, लहान मुलांमध्ये सगळ्यात जास्त दिसतो तो हाच. परळला ट्रीटमेंट झाली, सुरुवातीचा कडक भाग संपला, केस परत आले, आता मेंटेनन्स चालू आहे. मेंटेनन्स म्हणजे काय हे तुमच्या कस्टमर केअरमध्ये एकालाही माहीत नव्हतं म्हणून सांगते. रोज रात्री सिक्स एमपी या केमोच्या औषधाची गोळी, आठवड्यातून एकदाच मेथोट्रेक्सेट, तेही केमोचंच, शनिवार रविवार सेप्ट्रान, म्हणजे इन्फेक्शन होऊ नये म्हणूनचं औषध, अधूनमधून सीबीसी म्हणजे रक्ततपासणी करून रिपोर्ट मुंबईला पाठवायचा आणि काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशी किती आहेत ते बघून डॉक्टर डोस वरखाली करतात. बोन मॅरोमध्ये, म्हणजे हाडातल्या रक्त तयार करणाऱ्या मगजात, आजार दिसत नसला तरी गोळ्या थांबवता येत नाहीत, सगळं धरून दोन-अडीच वर्षं हे चालतं. म्हणजे आता आमच्या घरी ना सलाईन आहे ना नर्स, स्वयंपाकघरातल्या फळीवरचा गोळ्यांचा डबा हीच आमची केमो आहे, आणि तो डबा भरायचं काम आम्ही तुमच्यावर सोपवलं होतं.

का सोपवलं तेही सांगते. आम्ही पाटण तालुक्यातले, कराडला जाऊन यायचं म्हणजे अर्धा दिवस जातो, आणि तिथं जाऊनही २.५ ची मेथोट्रेक्सेट कधी असते कधी "उद्या मागवून देतो". तुमची जाहिरात होती कॅन्सरची औषधं घरपोच, म्हणून ॲप घेतलं. पहिले काही महिने वेळेवर आलं सगळं, ते नाही म्हणत नाही. डिलिव्हरी करणाऱ्या मुलाबद्दल तर काहीच तक्रार नाही, भर पावसात घाट चढून आलाय बिचारा, त्याला यात ओढू नका.

आता मुद्दा. प्रिस्क्रिप्शनवर मेथोट्रेक्सेट २.५ मिग्रॅ, सहा गोळ्या, आठवड्यातून एकदा, रविवारी रात्री, असं स्वच्छ टाईप केलेलं आहे, डॉक्टरांचं अक्षर वाचता आलं नाही हे कारण इथं चालणार नाही. सहा गोळ्या म्हणजे १५ मिग्रॅ. तुम्ही पाठवल्या १० मिग्रॅच्या. फोन नाही, मेसेज नाही, काही नाही. बिलावर बारीक अक्षरात "सेम सॉल्ट पर्याय" एवढंच, म्हणजे औषध तेच, गोळी वेगळी. आणि कहर म्हणजे स्ट्रिप कात्रीने कापून पाठवली, जेवढ्या गोळ्या ऑर्डर केल्या तेवढ्या मोजून, त्यामुळे ताकद, बॅच नंबर आणि एक्सपायरी छापलेला तुकडा तुमच्याच गोदामात राहिला. आमच्याकडे आलेल्या तुकड्यावर मागच्या बाजूला औषधाच्या नावाची शेवटची चार अक्षरं आणि कंपनीच्या पत्त्यातला पिनकोड, बास.

आमच्याकडे रविवारी रात्री गोळ्या सासूबाई काढतात. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही पण मोजायला चुकत नाहीत, सहा म्हणजे सहा, स्टीलच्या वाटीत, मग मी बघते आणि मग पोरगी घेते. त्या दिवशी त्या म्हणाल्या, "अगं ही गोळी थोरली दिसतीय, आपली बारकी असती." मी स्ट्रिप उलटीपालटी केली, त्यावर काहीच नाही, मग बिल काढलं, मोबाईलवर मोठं करून बघितलं तेव्हा १० दिसलं. वाटीत सहा पडल्याच होत्या. साठ मिग्रॅ. डोसच्या चौपट, वीस किलोच्या पोरीला.

एवढ्यावर भागलं असतं तर मी कदाचित चॅटवरच भांडून सोडून दिलं असतं. पण तुमच्या ॲपनं प्रिस्क्रिप्शन "वाचून" आपोआप रिमाइंडर लावलंय, आणि ते रोजचं आहे. रोज रात्री नऊला टिंग करून मेसेज, "मेथोट्रेक्सेट घ्यायची वेळ झाली, डोस चुकवू नका!" वर उद्गारचिन्ह. मी ते बंद केलं तर पुढच्या ऑर्डरला परत चालू झालं. सेटिंगमध्ये रोज एकदा, रोज दोनदा, रोज तीनदा असे पर्याय आहेत, आठवड्यातून एकदा हा पर्यायच नाही.

हे औषध रोज घेतलं तर काय होतं हे तुम्हाला माहीत असायला पाहिजे, औषधं विकता म्हणून. मेथोट्रेक्सेट फॉलिक ॲसिडचं काम अडवतं, त्यामुळे भराभर वाढणाऱ्या पेशी मरतात, कॅन्सरच्याही आणि तोंडाच्या आतल्या, आतड्याच्या, बोन मॅरोच्याही. आठवड्याला एकदा दिलं तर शरीर मधल्या दिवसात सावरतं. रोज दिलं तर तोंड आतून सोलून निघतं, काउंट पडतात, इन्फेक्शन होतं, माणूस जातो. जगभर असे लोक गेलेत, आणि ते कॅन्सरचे पेशंट असतातच असं नाही, संधिवातावर आणि सोरायसिसवर पण हेच औषध आठवड्याला एकदा देतात. ब्रिटनच्या औषध नियामकांनी २०२० मध्ये यासाठी वेगळे नियम काढले, कोणत्या वारी घ्यायची तो वार ठरवून लिहा, डब्यावर ठळक सूचना छापा वगैरे. आणि तुमचं ॲप आमच्याच खेड्यातल्या एखाद्या गुडघेदुखीवाल्या आजीला रोज रात्री सांगतंय की डोस चुकवू नका. त्या आजीला कोण वाचवणार, तिच्या घरी बिल मोठं करून बघणारं कोणी असेलच असं नाही.

अजून एक. गोळी कार्टमध्ये टाकली की खाली येतं, "यासोबत ग्राहक हेही घेतात : फॉलिक ॲसिड". संधिवाताच्या पेशंटला डॉक्टर ते देतात, बरोबर आहे. पण आमच्या पोरीला ती गोळी कॅन्सरसाठी आहे आणि डॉक्टरांनी आम्हाला मुद्दाम बजावलंय की स्वतःच्या मनानं फॉलिक ॲसिड, टॉनिक काही सुरू करायचं नाही. प्रिस्क्रिप्शनवर सगळ्यात वर पीडिॲट्रिक ऑन्कोलॉजी, म्हणजे लहान मुलांचा कॅन्सर विभाग, असं छापलंय, ते तुमच्या त्या हुशार सिस्टीमला दिसलं नाही, पण गिऱ्हाईक अजून एक गोळी घेईल हे बरोबर दिसलं.

आता तुमच्या कस्टमर केअरचं. आधी बॉट. मग एक जण, त्याने ५० रुपयांचं कूपन दिलं. मग कळलं की कॅन्सरची औषधं परत घेत नाहीत, पॉलिसी आहे. मी म्हटलं अहो मी मागितलेलं औषधच नाहीये हे, तर म्हणे "मॅडम सॉल्ट सेम आहे." शेवटी एका बाईंचा फोन आला, आवाज अगदी गोड, त्यांनी मला उपाय सांगितला, "तुम्ही असं करा ना, १० च्या गोळीचे चार तुकडे करा, एक तुकडा बरोबर अडीचचा होतो." रेकॉर्डिंग तुमच्याकडे असेलच, ऐका. ही केमोची गोळी आहे. हॉस्पिटलमध्ये आम्हाला शिकवलंय की ही गोळी घरी तोडायची नाही, कुटायची नाही, हातमोजे घालून काढायची, त्याची पूड उडता कामा नये, आणि गरोदर बाईनं तर शिवायचंच नाही. माझी जाऊ गरोदर आहे, ती त्या फळीच्या बाजूला फिरकत नाही, आणि तुमच्या बाई मला ओट्यावर सुरीनं चार तुकडे करायला सांगतात, ते पण अंदाजानं सारखे होतील असं धरून.

त्या बाई फार्मासिस्ट आहेत का हा माझा साधा प्रश्न होता, त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. मुंबईला असताना आम्ही दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिलो, तिथं विदर्भातल्या, बिहारमधल्या, बंगालमधल्या पोरांच्या आया असायच्या, काही जणी शाळेतही न गेलेल्या, पण कुठली गोळी रोजची, कुठली आठवड्याची, काउंट किती आला तर हॉस्पिटलला फोन करायचा हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. तुमच्याकडे पगारी माणसं आहेत ना.

त्या रात्री डोस दिला नाही. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी सांगितलं १० च्या गोळ्या बाजूला ठेवा, तुकडे करू नका, बरोबर गोळ्या मिळाल्या की कळवा मग सांगतो. मग माझे दीर परळला हॉस्पिटलसमोरच्या मेडिकलमधून गोळ्या घेऊन रात्रीच्या गाडीने आले, एक दिवसाचा खाडा झाला त्यांचा, तिकीट वेगळं. गोळ्यांची किंमत त्या तिकिटापेक्षा कमी आहे हे तुम्हाला माहीतच असेल, स्वस्त औषध आहे, बहुतेक म्हणूनच कोणी लक्ष देत नाही. जाता जाता सांगते, हे औषध ज्यांच्या हाताखालच्या टीमनं अमेरिकेत लेडर्ली कंपनीत तयार केलं ते डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव आपल्या आंध्रातल्या भीमावरमचे. १९४८ मध्ये बोस्टनला डॉ. फार्बर यांनी ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या मुलांवर याच्याच आधीच्या भावंडाचे, ॲमिनोप्टेरिनचे, रिझल्ट छापले तेही सुब्बारावांच्याच लॅबमधून आलेलं. त्याआधी या आजाराची मुलं काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत जायची. आज योग्य ट्रीटमेंट पूर्ण झाली तर बहुतेक मुलं बरी होतात. पूर्ण झाली तर.

मला काय हवंय ते आता लिहिते, गोलमोल उत्तर नको. केमोच्या कुठल्याही औषधाला आपोआप पर्याय देणं बंद करा, माल नसेल तर नाही म्हणून सांगा, आम्ही दुसरीकडे बघू. मेथोट्रेक्सेटचं रोजचं रिमाइंडर आजच्या आज सगळ्यांच्या फोनवरून काढा, नुसतं माझ्या नाही, आणि ज्यांना ते आजपर्यंत गेलं त्या प्रत्येकाला फार्मासिस्टनं स्वतः फोन करून विचारावं की तुम्ही गोळी कशी घेताय, हे सगळ्यात आधी करा, माझं उत्तर नंतर दिलं तरी चालेल. स्ट्रिप अख्खी द्या, दोन गोळ्या जास्तीचे पैसे घ्या हवं तर. माझी ऑर्डर कोणत्या रजिस्टर्ड फार्मासिस्टनं पास केली त्याचं नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर लेखी द्या. फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स २०१५ मध्ये पेशंटला औषध कसं घ्यायचं हे समजावून सांगणं फार्मासिस्टचं काम आहे असं लिहिलंय, आमच्या बाबतीत ते काम कोणी केलं ते मला बघायचंय. चुकीच्या गोळ्यांचे पैसे आणि दिरांच्या येण्याजाण्याचा खर्च द्या. आणि त्या गोळ्या परत न्यायची सोय करा, मी त्या कचऱ्यात टाकणार नाही, आमच्याकडे गाई-म्हशी उकिरड्यावर तोंड घालतात.

ई-कॉमर्सचे २०२० चे नियम मी वाचलेत, तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निकाल महिन्याभरात द्यावा लागतो. पोच आली नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार करीन आणि ग्राहक आयोगात जाईन. अन्न व औषध प्रशासनाला मात्र याची प्रत आजच पाठवतेय, त्यासाठी तुमच्या उत्तराची वाट बघणार नाही, कारण कापलेली स्ट्रिप आणि ते रिमाइंडर हा माझ्या एकटीचा विषय नाही.

उत्तर ईमेलवर लेखी द्या. फोन करायचाच असेल तर ज्यांना मेंटेनन्स म्हणजे काय ते माहीत आहे अशाच माणसानं करावा. आणि ते ५० रुपयांचं कूपन काढून घ्या, ते "कॅन्सर औषधांवर लागू नाही" असं खाली बारीक अक्षरात लिहिलेलंच आहे.

पेशंटची आई,
ता. पाटण, जि. सातारा