जीपीएस टॅगच्या प्रस्तावाबाबत अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापन समिती

विषय : सामान, सुरक्षारक्षक व वृद्ध रहिवासी यांच्यासाठी जीपीएस टॅग घेण्याचा प्रस्ताव

महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावरचा प्रस्ताव वाचला. व्हीलचेअर, अॅल्युमिनियमची शिडी, चाव्यांचे जुडगे, सुरक्षारक्षक आणि ज्या घरांची इच्छा असेल त्यांच्याकडचे वृद्ध, या सगळ्यांना एकाच जातीचे जीपीएस टॅग द्यायचे ठरते आहे. शिडी आणि वॉचमन एकाच कोटेशनमध्ये पाहून आधी हसू आले, मग काळजी वाटली. म्हणून हे पत्र.

माझ्या वडिलांना स्मृतिभ्रंश आहे, हे आपल्याला ठाऊक आहेच. त्यांच्या मनगटावर गेल्या वर्षापासून जीपीएसचे घड्याळ आहे. एका संध्याकाळी ते घरात दिसेनात. फोनवरच्या नकाशात ठिपका गेटबाहेर रस्त्यावर होता. मुलगा आणि मी रस्ताभर धावलो. वडील सापडले बेसमेंटमध्ये, आमच्याच गाडीच्या दाराला हात लावून उभे. ते गेटबाहेर जाऊन कधीच परत आले होते. घड्याळाला आकाश दिसेनासे झाले आणि नकाशावर शेवटचा, शिळा ठिपका तसाच राहिला.

यात घड्याळाचा दोष नाही. जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवर आहेत. तिथून येणारा संकेत जमिनीवर पोहोचेपर्यंत इतका क्षीण होतो की काँक्रीटचे दोन-तीन स्लॅब त्याला अडवायला पुरतात. मोकळ्या आकाशाखाली फोनचे जीपीएस साधारण 5 मीटरपर्यंत ठिकाण सांगते. दोन उंच विंगच्या मध्ये मात्र संकेत भिंतींवर आपटून लांबच्या वाटेने येतो आणि ठिपका भलतीकडे सरकतो. मजला तर विचारूच नका, कारण उंचीचा अंदाज आणखी चुकतो. शिवाय जीपीएस फक्त ऐकते. ऐकलेले आपल्याला कळवायचे तर यंत्रात सिमकार्ड हवे, नेटवर्क हवे आणि सतत चार्जिंग हवे. वडिलांचे घड्याळ रोज रात्री चार्जिंगला लावावे लागते. आता शिडीला रोज रात्री चार्जिंगला कोण लावणार?

एवढे होऊनही ते घड्याळ आम्ही काढलेले नाही. माणूस गेटबाहेर दूर गेला तर आमच्या हातात दुसरे काही नाही.

शिडीबाबत आपला प्रश्न एवढाच असतो की ती स्टोअररूममधून कधी बाहेर गेली. त्याला साधा आरएफआयडी टॅग पुरे, म्हणजे रेडिओ लहरींवर ओळख सांगणारी छोटी चिप. त्या टॅगमध्ये बॅटरी नसते. दारावरच्या रीडरच्या लहरींवरच तो जागा होऊन आपला नंबर सांगतो. शिडी दारातून गेली एवढे कळते, आत्ता कुठे आहे ते कळत नाही. मात्र साधे स्टिकर धातूवर चिकटवले तर मुकेच राहते. धातूसाठी वेगळे टॅग मिळतात, तेच मागवावेत.

व्हीलचेअर कोणत्या लॉबीत सोडली आहे हे शोधायला ब्लूटूथचा बीकन, म्हणजे सतत संकेत सोडणारे छोटे यंत्र, बरा. संकेताच्या जोरावरून तो अंतराचा अंदाज देतो. मध्ये माणसे उभी असली तरी अंदाज बिघडतो, कारण शरीरातले पाणी त्या लहरी शोषते. पण ‘बी विंग, तळमजला’ एवढे कळले तरी आपले काम होते. प्रत्येक लॉबीत एक रिसीव्हर लागेल. चाव्यांना एअरटॅगसारखे (अॅपलचा छोटा शोध-टॅग) काही चालेल. त्यात जीपीएस नसते, जवळून जाणाऱ्या लोकांच्या फोनवरून ठिकाण कळते. वर्दळीत ते उत्तम चालते, निर्जन जागी गप्प बसते.

विक्रेत्याने सांगितलेली यूडब्ल्यूबी (अल्ट्रा-वाइडबँड रेडिओ) यंत्रणा खरोखर अचूक असते, 10 ते 30 सेंटीमीटरपर्यंत. ती संकेताच्या प्रवासाला लागलेला वेळ मोजते. पण त्यासाठी प्रत्येक जागेत चारी बाजूंना अँकर (टॅगशी बोलणारी स्थिर यंत्रे) बसवून त्यांना वीज द्यावी लागते. गोदामात ते शोभते. आपल्याला शिडी भिंतीपासून किती वितीवर आहे हे जाणून काय करायचे आहे?

सुरक्षारक्षकांचे मात्र जरा थांबून पाहावे. रात्रीची फेरी झाली की नाही हाच प्रश्न असेल, तर पंपरूम, गच्ची, मागची भिंत अशा आठ-दहा ठिकाणी एनएफसीच्या चकत्या (अगदी जवळ नेल्यावरच वाचले जाणारे छोटे टॅग) लावाव्यात आणि रक्षकाने फेरीत तिथे हातातले यंत्र टेकवावे. टेकवल्याची वेळ नोंदली जाते, बाकी काही नाही. गळ्यातला जीपीएस टॅग मात्र रक्षक ड्यूटीभर कुठे कुठे आणि किती वेळ होते हेही नोंदवेल. ती नोंद कोण पाहणार, किती दिवस ठेवणार, ड्यूटी संपल्यावर टॅग बंद होणार का, याबद्दल प्रस्तावात एक ओळही नाही. त्यांना कोणी विचारलेलेही नाही. काल रात्री गेटवर असलेल्या दोघांना तर हा प्रस्ताव माझ्याकडूनच कळला.

तेव्हा सर्वसाधारण सभेआधी एक चाचणी घ्यावी अशी विनंती आहे. येत्या रविवारी सकाळी मी वडिलांचे घड्याळ हातात घालून बेसमेंटमध्ये उभा राहतो. समितीने व विक्रेत्याने ऑफिसात बसून मी नकाशावर कुठे दिसतो ते पाहावे. वेळ आपण कळवावी.

आपला,
एक सभासद, ए विंग