खासगी चांद्रमोहिमांना कायद्याचा आधार हवा

महोदय,

२३ ऑगस्ट २०२३ रोजी 'चांद्रयान-३' चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले, तेव्हा सारा देश टीव्हीसमोर खिळून बसला होता. बेंगळूरुच्या 'टीमइंडस'ची आठवण मात्र आज कोणी काढत नाही. चंद्रावर खासगी यान उतरवण्याच्या 'गूगल लूनार एक्स-प्राइझ' स्पर्धेत २०१५ मध्ये लँडिंग तंत्रज्ञानासाठी १० लाख डॉलरचे बक्षीस मिळवणाऱ्या या खासगी कंपनीने 'एक छोटीसी आशा' नावाचा चिमुकला रोव्हर घडवला होता. पण पैशाचे गणित जुळले नाही आणि त्याचे उड्डाण झालेच नाही.

अमेरिकेत 'नासा' स्वतःच गिऱ्हाईक झाली आणि आपली उपकरणे चंद्रावर पोहोचवण्यासाठी खासगी कंपन्यांना पैसे मोजू लागली. २०२४ मध्ये त्यातले पहिले यान चंद्रापर्यंत पोहोचलेच नाही, दुसरे उतरले पण कलंडले. तरीही कामे मिळत राहिली आणि मार्च २०२५ मध्ये 'ब्लू घोस्ट' हे खासगी यान चंद्रावर चारही पायांवर नीट उभे राहिले. अपयश पचवणारा असा खात्रीचा ग्राहक आपल्या उद्योजकांनाही मिळायला हवा.

आपल्या २०२३ च्या अंतराळ धोरणाने खासगी क्षेत्राला दार उघडले, हे स्वागतार्हच आहे. परंतु धोरण म्हणजे कायदा नव्हे. १९६७ च्या बाह्य अवकाश करारानुसार खासगी यानाची जबाबदारीही अखेर सरकारवरच येते. म्हणूनच अपघात झाल्यास भरपाईचा किती वाटा कंपनीने उचलायचा, हे संसदेने ठरवून द्यावे. अंतराळविषयक अशा विधेयकाचा मसुदा २०१७ मध्येच जनतेसमोर ठेवला गेला होता. त्यात काळानुरूप सुधारणा करून सरकारने तो आता मार्गी लावावा, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, ठाणे