घर विकण्याआधी भाडेकरार वाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘थेट मालकाकडून, एजंट नको’ अशा छोट्या जाहिराती रोज छापून येतात. घरात कोणी राहते का आणि कोणत्या हक्काने, हे मात्र त्यात क्वचितच असते. दलालीचे एक-दोन टक्के वाचवायला निघालेल्या मालकाचा व्यवहार नेमका इथेच अडकतो. म्हणून आधी कपाटातला करार काढून वाचावा.

तो लिव्ह अँड लायसन्सचा असेल, तर राहणारा कायद्याने भाडेकरू नसून परवानाधारक असतो. १८८२ च्या सुखाधिकार कायद्याच्या कलम ५९ नुसार घर विकले गेले की नव्या मालकावर तो परवाना बंधनकारक राहत नाही. एवढे वाचून मालक निर्धास्त होतात आणि कलम ६४ राहून जाते. मोबदला घेऊन दिलेला परवाना राहणाऱ्याची चूक नसताना मध्येच मोडला, तर राहणारा परवाना देणाऱ्याकडून भरपाई मागू शकतो. तेव्हा लॉक-इन (ज्या काळात करार मोडता येत नाही तो काळ) संपला का आणि नोटीस किती दिवसांची, हे पाहून लेखीच कळवावे. मुदत संपूनही घर सोडले नाही, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते आणि तेवढ्या काळाचे शुल्क दुपटीने मागता येते. मात्र करार नोंदवलेला असावा. कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती केली नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे धरले जाते आणि ते खोडून काढण्याचे ओझे मालकावर येते.

जुन्या वाड्यातला किंवा पागडीचा भाडेकरू असेल तर गोष्टच वेगळी. मालकाला घर विकायचे आहे, हे त्याला बाहेर काढण्याचे कारण होत नाही. खरेदीदार फक्त जुन्या मालकाच्या जागी येतो (मालमत्ता हस्तांतरण कायदा, कलम १०९). विक्रीआधीचे थकलेले भाडे दस्तात लिहिल्याशिवाय त्याला मिळत नाही. विक्रीची खबर नसताना भाडेकरूने जुन्या मालकाला भाडे दिले, तर ते नव्याला पुन्हा मागता येत नाही. म्हणून खरेदीखत नोंदवले त्याच दिवशी दोघांच्या सहीचे पत्र भाडेकरूला पोचवून पोच घ्यावी. अनामत कोण परत करणार, तेही खरेदीखतात आकड्यासह लिहावे.

सर्वांत महागात पडते ते साठेखतातले (खरेदीखताआधी होणाऱ्या विक्रीच्या करारातले) एक वाक्य : ‘तीन महिन्यांत घर रिकामे करून देऊ.’ जी तारीख आपल्या हातात नाही, ती लिहून देऊ नये. रिकामा ताबा ठरला असेल आणि तो मिळत नसेल, तर खरेदीदाराला बँकेकडून मिळायची कर्जाची रक्कम अडते, मुदत टळते आणि विसाराच्या रकमेवरून भांडण लागते. एक तर आधी लेखी ताबा पावती घेऊन मग साठेखत करावे, नाहीतर ‘भाडेकरूसह’ असेच लिहून किंमत त्या हिशेबाने ठरवावी. ती कमी येईल, पण खरी येईल.

घर दाखवतानाही पूर्वसूचना आणि वाजवी वेळ पाळावी. ते राहणाऱ्याचे घर आहे. पाणी-वीज तोडून दबाव आणायला कायद्याची बंदी आहेच. शिवाय चिडलेल्या माणसाने घराची किंमत ठरवायला आलेल्या बँकेच्या व्हॅल्युअरला दार उघडले नाही, की कर्जाची फाइल तिथेच थांबते.

आमच्या मते पहिला प्रश्न राहणाऱ्यालाच विचारावा : तुम्हीच घेता का? घरातली ओल, पाण्याची वेळ, सोसायटी, सगळे त्याला ठाऊक असते आणि ताब्याचा प्रश्नच उरत नाही. अनामत किमतीत वळती करता येते. किंमत ५० लाख किंवा अधिक असेल, तर खरेदीदाराला १ टक्का टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारला भरायचा आयकर) मात्र पूर्ण किमतीवर कापावा लागतो, वळती करून उरलेल्या रकमेवर नव्हे.

गृहनिर्माण सोसायटीच्या आदर्श उपविधींनुसार हस्तांतरणाला ना-हरकत दाखला सक्तीचा नाही आणि महापालिका हद्दीत हस्तांतरण अधिमूल्य (प्रीमियम) २५,००० रुपयांच्या वर घेता येत नाही. थकबाकी तेवढी आधी भरून टाकावी.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती : घरविक्रीच्या छोट्या जाहिरातीच्या अर्जात ‘रिकामे / परवान्यावर / भाडेकरूसह’ असा एक रकाना ठेवावा आणि तो भरल्याशिवाय जाहिरात घेऊ नये.

आपले,
मालमत्ता दस्तांचे काम करणारे काही वकील, पुणे