फोंड्याच्या माईंना, चारचौघांत

ती. माईंना,
सा. न. वि. वि.

तुमचे आभार मानायला आलं की तुम्ही चहा ठेवायच्या निमित्ताने आत जाता आणि बाहेर येईपर्यंत विषय बदललेला असतो. पाकीट दिलं तर त्या पैशांच्या सलाइनच्या बाटल्या आणून तिसऱ्याच कुणाच्या घरी पोचवता. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. यात तुमचं नाव नाही, वाड्याचंही नाही. गोव्याच्या फोंडा तालुक्यात ज्यांच्या घरी कधी कुत्रं आजारी पडलंय त्यांना माई म्हणजे कोण ते कळेल. बाकीच्यांना एवढं कळलं तरी पुरे की अशी मदत करता येते आणि ती नेमकी कशी करतात.

आमच्या कुत्र्याचं, तांबूचं, क्रिएटिनिन (किडनी किती बिघडलीय ते सांगणारं रक्तातलं माप) पाचच्या वर गेल्याचा रिपोर्ट आला तेव्हा सल्ल्यांना तोटा नव्हता. कुणी नारळाचं पाणी सांगितलं, कुणी गुळवेल. ऑफिसातल्या साहेबांनी अर्ध्या दिवसाची रजा मागितल्यावर ‘कुत्र्यासाठी?’ एवढंच विचारलं आणि सही न करता कागद परत सरकवला. सासूबाई म्हणाल्या, “एका सुण्याखातीर इतलें?” आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतःच्या ताटातलं बांगड्याचं डोकं त्याला पदराआडून देऊ लागल्या, जे नेमकं द्यायचं नव्हतं. जिथे निदान झालं त्या दवाखान्यात गर्दी इतकी की ‘किडनी गेलीय, रोज सलाइन लागेल’ हे वाक्य संपेपर्यंत पुढचा पेशंट टेबलावर. रांगेतल्या एका बाईंनी पावतीच्या मागे तुमचा नंबर लिहून दिला.

तुम्ही आलात ते सांत्वनाचं एक अक्षर न बोलता. पहिलं विचारलंत, “भिंतीत खिळा आहे का गो बाय, डोक्याच्या वर?” सोप्यावर कॅलेंडरचा होता. कॅलेंडर उतरवलं, बाटली टांगली. त्याआधी रिंगर लॅक्टेट या सलाइनची ती बाटली कोमट पाण्याच्या बादलीत ठेवायला लावलीत आणि पाणी आधी माझ्या मनगटावर ओतून बघितलंत. गार सलाइन कातडीखाली गेलं की कुत्रं थरथरतं, आणि उद्या सुई बघूनच पळतं, हे तेव्हा कळलं. मग तांबूच्या दोन खांद्यांच्या मधलं कातडं चिमटीत धरून वर उचललंत, तंबूसारखा त्रिकोण झाला, आणि म्हणालात, “या दारातून आत जायचं. मांसात नाही, कातडीच्या खाली. हात थरथरला तर थांब, श्वास घे, तो कुठे जात नाही.” माझा थरथरलाच. तुम्ही माझा हात धरला नाहीत, माझ्या हातातून सुईही घेतली नाहीत. नुसत्या बसून राहिलात. खांद्यावर आलेला पाण्याचा गोळा संध्याकाळपर्यंत पुढच्या पायाकडे उतरेल, रात्री जिरेल, तो बघून घाबरू नकोस, हे निघताना चपला घालता घालता सांगितलंत. खरोखरच तसं झालं. तुम्ही सांगितलं नसतं तर मी रात्री दहाला डॉक्टरांना उठवलं असतं.

औषधाचं मात्र तुम्ही कधी एक नाव उच्चारलं नाहीत. “औषध डॉक्टर सांगणार. मी फक्त द्यायचं कसं ते दाखवते.” आमच्या शेजाऱ्यांनी ताप वाटतो म्हणून माणसांची दुखण्याची गोळी पुढे केली, तेव्हा मात्र तुमचा आवाज चढला. आयब्युप्रोफेनसारखी गोळी कुत्र्याची धड किडनीही खलास करते, इथे तर आधीच उरलेली नाही, असं तुम्ही त्यांना त्यांच्याच अंगणात सुनावलंत. ते अजून तुमच्याशी जरा जपूनच बोलतात.

आता वहीबद्दल. तुमच्यासारख्या, सरकारी ट्रेझरीत हयात काढलेल्या बाईकडून शिकलेली गोष्ट म्हणून सांगते. शंभरपानी वही, पट्टीने मारलेल्या रेघा: तारीख, प्यायलेलं पाणी, लघवी किती वेळा, खाल्लं काय, उलटी, हिरड्यांचा रंग, वजन. शेवटी ‘शेरा’ नावाचा रकाना. मला आधी ते सरकारी खूळ वाटलं. पुढच्या तपासणीला डॉक्टरांच्या टेबलावर ती वही ठेवली. एरवी ‘कसा आहे?’ ‘बरा आहे’ एवढ्यावर संपणारी भेट त्या दिवशी लांबली. उलट्या सकाळी उपाशीपोटीच होतात हे रकान्यात सरळ दिसत होतं, त्यावरून त्यांनी औषधाची वेळ बदलली. घरी रडून सांगितलेलं जे कुणाच्या कानात शिरत नव्हतं ते आकड्यांत मांडल्यावर शिरलं. सासूबाईंनाही तुम्ही असंच कामाला लावलंत. अंड्याचा पांढरा बलक वेगळा करायचं खातं त्यांच्याकडे दिलंत. त्यात फॉस्फरस नावापुरता असतो, पिवळ्यात आणि माशाच्या काट्यांत भरपूर, एवढं एकदाच समजावलंत. बांगड्याची डोकी त्या दिवशी थांबली. मी महिनाभर ओरडूनही थांबली नसती.

तुमची स्वतःची वही वेगळी आहे, ती मी एकदाच चाळली. रक्त देऊ शकणाऱ्या कुत्र्यांची यादी. पावसाळ्यात गोचीड-तापाने कुणाचे प्लेटलेट कोसळतात, हिरड्यांवर लाल ठिपके येतात, नाकातून रक्त येतं, आणि मग रात्री-अपरात्री धट्टंकट्टं, लस घेतलेलं, पंचवीस किलोच्या वरचं कुत्रं शोधत कोण हिंडणार? तुमच्या वहीत सगळं तयार. ‘राजा, म्हार्दोळ, 32 किलो, चावत नाही. मालक चावतो, बायकोला फोन करावा.’ कुत्र्यांच्या रक्ताला आपल्यासारखे गट असतात, पण पहिल्या वेळी बहुतेक कुत्र्यांना दुसऱ्याचं रक्त चालून जातं. दुसऱ्या वेळी जुळवून बघितल्याशिवाय देता येत नाही. म्हणून कुणाला आधी कधी रक्त चढवलंय त्याच्या नावापुढे लाल शाईची खूण. आणि गोचीड-तापावरच्या डॉक्सिसायक्लिन गोळ्यांचा 28 दिवसांचा कोर्स दिलेल्या प्रत्येक घरी मधेच तुमचा फोन जातो, कारण कुत्रं चार दिवसांत जेवायला लागलं की लोक गोळ्या बंद करतात. तो ताप लपून बसतो आणि पुढे कधीतरी मज्जा, किडनी काहीही धरतो. तांबूला लहानपणी तो येऊन गेला होता. डॉक्टरांच्या मते सुरुवात तिथूनही झालेली असू शकेल.

इतकी माणसं आणि कुत्री तुम्हाला माहीत कशी, याचं मला नवल वाटायचं. मग कळलं, मिशन रेबीज या संस्थेची माणसं गावोगाव लस टोचत फिरायची तेव्हा तुम्ही त्यांच्याबरोबर घरं दाखवत हिंडायचात. टोचलेल्या कुत्र्याच्या डोक्यावर रंगाचा पट्टा ओढायचे ते काम हौसेने तुमच्याकडे असे. 2021 मध्ये सरकारने गोवा रेबीज-नियंत्रित जाहीर केला तेव्हा वर्तमानपत्रांतून पुष्कळ फोटो आले. त्यांत तुम्ही कुठे नव्हता, आणि असता तरी पाठमोऱ्या असता.

शेवटच्या दिवसांबद्दल लिहायचं की नाही, याचा विचार केला. पण तुमचे आभार खरे तिथेच आहेत.

‘आता बास’ हे कधी ठरवायचं, हे मला कुणीच सांगत नव्हतं. डॉक्टर म्हणत, तुम्ही ठरवा. नवरा म्हणे, तू ठरव. तुम्ही मला तांबूच्या आवडीच्या चार गोष्टी लिहायला लावल्यात. पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा वाजला की गेटपर्यंत धावणं आणि उंड्याचा, म्हणजे पावाचा, तुकडा मिळवणं. त्याची घरातली सोबतीण चिंगी, तिच्या कानाला चावणं. संध्याकाळी सोप्याच्या पायरीवर बसून रस्ता बघणं. माझी स्कूटर वळणावर असतानाच उठून उभं राहणं. “यातल्या दोन गेल्या की मला फोन कर. आणि शेपटीवर जाऊ नकोस. शेपूट तो मरतानासुद्धा हलवेल, तुझ्यासाठी.” भोंगा वाजला आणि त्याने नुसते कान हलवले, त्याच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी फोन केला. वहीतला शेऱ्याचा रकाना त्या आठवड्यात कोराच आहे.

मग तुम्ही आधीच सगळं सांगितलंत, अगदी कोरडेपणाने. डॉक्टर पहिल्यांदा गुंगीचं इंजेक्शन देतील, तो झोपेल, मग दुसरं. डोळे उघडेच राहतील, मिटवायला गेलीस तर मिटणार नाहीत. हृदय थांबल्यावरही एखाददोन श्वास घेतल्यासारखं होईल, लघवी सुटेल, म्हणून खाली जुना टॉवेल आणि त्याखाली प्लास्टिक. “हे आत्ता सांगते, कारण हे कुणी सांगितलं नाही तर जन्मभर तुला वाटेल की त्याला त्रास झाला.” झालंही सगळं तसंच, त्याच क्रमाने. मी घाबरले नाही. त्याच्या कानामागे हात ठेवून बसू शकले. माई, हे मला तुमच्यामुळे मिळालं.

खड्ड्याचा मात्र मला त्या दिवशी फार राग आला होता. तांबू सोप्यावर श्वास घेत असताना खाली कुळागरात, माडा-पोफळींच्या बागेत, पहारीचा आवाज येत होता. पावसात आमच्याकडचा जांभा काय असतो आणि संध्याकाळी अंधारात तो फोडणं काय असतं, ते नंतर कळलं. विहिरीपासून लांब आणि चांगला खोल, कारण इंजेक्शनचं औषध शरीरात राहतं. कोल्ह्यांनी किंवा गावातल्या कुत्र्यांनी उकरलं तर तीही मरायची. पणजीच्या फ्लॅटमधल्या माणसांना तर एवढीही जमीन नसते. त्यांच्यासाठी तुम्ही एका भाटकाराला, म्हणजे जमीनमालकाला, गाठून बागायतीचा कोपरा मिळवून ठेवलाय, हे मला त्या भाटकाराकडूनच कळलं.

झाकण्याआधी चिंगीला जवळ जाऊ द्या, हुंगू द्या, असं तुम्ही म्हणालात. ती हुंगून मागे झाली आणि लांब जाऊन बसली. पुढे काही दिवस कमी जेवली, पण दारोदार शोधत फिरली नाही.

नंतर लोक आले, गेले. असल्या वेळी कुणीतरी धर्मराजाची आणि स्वर्गाच्या दाराशी उभ्या राहिलेल्या कुत्र्याची गोष्ट सांगतंच, आमच्याकडेही दोघांनी सांगितली. ‘दुसरं पिल्लू आणा’ म्हणणारे त्याहून जास्त. तुम्ही आलात, बसलात आणि म्हणालात, “तो घरी कसा आला ते सांग.” मी दीड तास बोलले असेन. मधे मी तेच विचारलं जे सगळेच तुम्हाला विचारत असणार, आधी तपासलं असतं तर? तुम्ही सांगितलंत की किडनीचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग निकामी होईपर्यंत बाहेर काही दिसत नाही, जास्त पाणी पिण्याखेरीज, आणि मे महिन्यात गोव्यात कुठलं कुत्रं जास्त पाणी पीत नाही? त्या एका वाक्यावर मी कितीतरी रात्री झोपले.

पिल्लू आणू नका असंही तुम्ही सरसकट कुणाला म्हणत नाही. कवळ्याच्या त्या कुटुंबाला मात्र म्हणालात, ज्यांचं पिल्लू पार्व्हो या विषाणूच्या आजाराने गेलं. त्यांना वाटलं माई दुःख जिरू द्यायला सांगतायत. तुम्ही सांगत होतात की तो विषाणू अंगणाच्या मातीत महिनोन्‌महिने तग धरतो, ब्लीचने फरशी धुता येते पण माती धुता येत नाही, आणलंत तर लस पूर्ण झालेलं मोठं कुत्रं आणा. मुलगी त्यामुळे तुमच्यावर रुसली होती. आता त्यांच्याकडे पांढरी ल्युसी आहे, दोन वर्षांची.

राहता राहिला माझा नवरा. तो गप्पच होता. त्याच्याशी तुम्ही बोलायला गेलाच नाहीत. महिन्याने फोन करून म्हणालात, तुमच्याकडे उरलेल्या बाटल्या बांदोड्याला एका घरी नेऊन दे, आणि खिळा कुठे मारायचा तेवढं दाखव. तो गेला तो दोन तासांनी आला. काय बोलला तिथे, मला माहीत नाही. पुढच्या आठवड्यात स्वतःहून परत गेला. मला मात्र तुम्ही अजून कुठे पाठवलं नाहीत. “तू अजून त्यांच्या आधी रडशील,” म्हणालात. बरोबर आहे. पण आता विचारून बघा. मला वाटतं, जमेल.

तुमचा खूप लळा आणि तुमचे खूप उपकार आहेत, माई. चहा नको. फक्त हे वाचा.

तुमची,
तांबू आणि चिंगीच्या घरची

ता. क. मोठा वजनकाटा शिरोड्याच्या ताईंकडे आहे. त्यांच्या बोक्याचंही वजन त्यावर चाललंय असं कळलं. गणपतीची चवथ झाली की पाठवते म्हणाल्यात. गळ्यातली प्लास्टिकची मोठी कॉलर मी धुऊन ठेवलीय, ती एका बाजूने चिरली आहे, चिकटपट्टी लावून चालेल का ते कळवा.