समासातली 'वेडी बाई'

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, तुमची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' या इंग्रजी कादंबरीची जुनी प्रत सध्या माझ्या टेबलावर आहे. पहिल्याच प्रकरणात, पाच मुलींची आई असलेल्या मिसेस बेनेटच्या बोलण्याशेजारी, तुमच्या कॉलेजातल्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलंय : 'वेडी बाई!' मीही त्या वयात तिला हसलेच होते. उठता-बसता मुलींच्या लग्नाचा घोशा!

आता चाळिशीत पुन्हा विद्यार्थिनी झाले, तर सरांनी आधी त्या बेनेटांच्या घराचा जमाखर्च मांडायला लावला. वर्षाला २,००० पौंड उत्पन्न. पण इस्टेट पुरुष वारसाच्या अटीत अडकलेली. मुलगा नाही. म्हणजे नवरा गेला की सगळं लांबच्या नातलगाला, आणि आईसह पाच मुली घराबाहेर. अशा घरातल्या मुलीने कमवायचं तर फार तर गव्हर्नेस, म्हणजे दुसऱ्याच्या घरी राहून मुलांना शिकवणारी बाई, व्हायचं. थोडक्यात, त्या घरात पुढचा विचार करणारी मिसेस बेनेट एकटीच. (बोलते मूर्खासारखं, हे आहेच. संदर्भ कळला म्हणून ती शहाणी होत नाही.)

हे सगळं लेखिका जेन ऑस्टिन निदान सांगते तरी. पण गावात लष्कराची तुकडी का येऊन राहिलीय, हे ती सांगतच नाही. इंग्लंडचं फ्रान्सशी युद्ध १७९३ पासून चालू होतं. पुस्तक आलं १८१३ मध्ये; तेव्हाच्या वाचकाला ते वेगळं काय सांगायचं? मी मात्र ते लाल डगलेवाले नुसते शोभेचे समजत होते.

'तेव्हाचा काळच तसा होता' हे तुमचं ठेवणीतलं वाक्य, बाबा, मला आता तितकंसं पटत नाही. मेरी वुलस्टनक्राफ्ट ही इंग्रज लेखिका १७९२ मध्येच स्त्रियांच्या शिक्षणासाठी पुस्तक लिहून भांडत होती. आणि कादंबरीतच बघा ना : इस्टेटीचा वारस असलेल्या त्या नातलगाला, कॉलिन्सला, बेनेटांची एलिझाबेथ लग्नाला नकार देते, तिची जिवलग मैत्रीण होकार. काळ दोघींचा एकच.

आई, मागे आले होते तेव्हा तुला ही गोष्ट सांगितली. तू कपड्यांच्या घड्या घालता घालता एवढंच म्हणालीस, "अगं, पण पाच मुली आहेत ना तिला!" मला तिथवर पोचायला ढीगभर तळटीपा लागल्या. मी नोकरी सोडायचं म्हटलं की तू अबोला धरायचीस. तुझ्या एकटीच्या नावाचं पासबुक तुला कितव्या वर्षी मिळालं, हे मी कधी विचारलंच नाही. आता आले की सांग.

बाबा, तुमचा शेरा खोडलेला नाही. उद्गारचिन्हापुढे फक्त एक प्रश्नचिन्ह काढलंय, पेन्सिलीनेच.

तुमची,
ताई