सातबारा वाचायला शिकवणाऱ्या मॅडम

मा. संपादक,
स.न.

मालमत्ता आणि भूवापर कायदा शिकवणाऱ्या आमच्या मॅडम नुकत्याच निवृत्त झाल्या. वर्तमानपत्रात चार ओळीही आल्या नाहीत, म्हणून हे पत्र.

१८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा बहुतेक मुलं कलमं पाठ करून काढतात. मॅडम वर्गात कागदच आणायच्या. सातबारा, आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड), इसारपत्र म्हणजे विक्रीचा करार, ले-आउटचा नकाशा. नावं तेवढी कागदी पट्टीने झाकलेली. "विकणाऱ्याजवळ विकण्यासारखं काय आहे, ते आधी सांगा." पहिल्या दिवशी सगळा वर्ग चुकला. सातबाऱ्यावर नाव म्हणजे मालकी, हेच आम्ही घरून शिकून आलेलो. ती नोंद मुळात शेतसाऱ्यासाठी आहे, तिने मालकी मिळत नाही, हे तिथे कळलं.

माझ्या घरात तर हा प्रश्न जिवंतच होता. बाबांनी उमरेड रोडकडे इसारपत्रावर प्लॉट घेतलेला. जमीन अकृषक झालेली नाही, ले-आउट मंजूर नाही, आणि विकणारा विक्रीपत्राला आज-उद्या करतोय. घडीवर फाटलेला तो कागद मी भीतभीत मॅडमना दाखवला. त्यांनी तो टेबलावर हाताने सपाट केला, दोनदा वाचला आणि १८८२ च्या कायद्याचं कलम ५४ उघडलं : नुसत्या विक्रीच्या करारातून मालमत्तेत हक्क तयार होत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात हेच बजावलं आहे. मग बाबांना बोलावून तासभर समजावलं. पैसे बुडाल्याची लाज घेऊन बसलेला माणूस त्या दिवशी पहिल्यांदा मोकळेपणाने बोलला.

नागपुरात "आरएल झालं का?", म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं पत्र मिळालं का, हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. मंजुरीविना पाडलेले छोटे प्लॉट नियमित करण्याचा २००१ चा गुंठेवारी कायदा, २०२१ च्या दुरुस्तीने त्यात आलेले ३१ डिसेंबर २०२० पर्यंतचे प्लॉट, विकास आराखड्यातलं आरक्षण दहा वर्षं नुसतं पडून राहिलं तर मालकाने द्यायची नगररचना कायद्याच्या कलम १२७ ची नोटीस, हे सगळं त्या परीक्षेला असो-नसो शिकवायच्या. आज जिल्हा न्यायालयात माझ्याकडे येणारी निम्मी माणसं याच कागदांत अडकलेली असतात. हा विषय तास रिकामा असलेल्या कुणाच्याही गळ्यात मारू नये, अशी विधी महाविद्यालयांना कळकळीची विनंती आहे.

मॅडमनी नावं झाकून जमवलेल्या कागदांचे गठ्ठे अजून विभागाच्या कपाटात आहेत. ते रद्दीत जाण्याआधी नव्या शिक्षकांच्या हाती द्यावेत.

– एक माजी विद्यार्थिनी, नागपूर